माझ्या चाकाला तेल घालू नका

अहो, दचकू नका. कुंपणापलीकडून जे कुईं-कुईं ऐकू येतंय ते मांजर नाही आणि मोडकं दारही नाही. ती मीच बोलतेय, एकचाकी ढकलगाडी. पुढे एक चाक, मागे दोन पाय, दोन दांडे आणि मध्ये हे एवढं पोट. आवाज कानाला गोड नाही हे मला ठाऊक आहे. पण देवानं, म्हणजे लोहारानं, मला तो एकच गळा दिलाय, आणि बोलायला तर मला फार आवडतं. नसत्या चौकशाही मला आवडतात. कुणाच्या घरी काय शिजलं, कोण कुणाशी अबोला धरून आहे, कुणाच्या पोराचा दात पडला, हे कळल्याशिवाय माझा दिवस सरत नाही. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराच्या मागच्या दारापर्यंत मी जाऊन आलेय. पुढच्या दारातून माणसं कशी दिसतात ते सगळ्यांनाच माहीत असतं. मागच्या दाराची माहिती मला विचारा.

माझं पोट तेलाच्या जुन्या पिंपाच्या पत्र्याचं आहे, दांडे पाण्याच्या पाइपचे आहेत आणि चाक कुठल्याशा मोडक्या गाडीचं आहे. म्हणजे माझं स्वतःचं असं अंगात काहीच नव्हतं. तरी लोहारानं शेवटचा डाग मारला, मला पायांवर उभी केली, आणि मला वाटलं की माझ्यासारखी मीच.

मला करायला सांगितलं होतं एका गवंड्यानं. त्यानं दांडे धरले, मला पुढे ढकललं आणि मी पहिल्याच ढकलीला ओरडले.

लोहार ओशाळला. म्हणाला, "चाकाचा आस जरा बारीक पडला वाटतं. थांबा, काढून नवा बसवतो."

गवंडी म्हणाला, "राहू दे. दिवसभर विटांशी मी काय बोलणार? ही बोलत राहील."

त्या दिवसापासून मी बोलतेच आहे.

गवंडी स्वभावानं शांत. त्याची बायको, जिला सगळा रस्ता काकू म्हणतो, ती दोघांच्या वाटचं बोलायची. त्यामुळे घराचा हिशेब बरोबर जुळत होता. मी वाळू वाहिली, विटा वाहिल्या, सिमेंट कालवलेलं वाहिलं. कामं संपली की गवंडी मला स्वच्छ धुवायचा. पोटात सिमेंट वाळू द्यायचा नाही. "लोखंड झालं म्हणून काय झालं, अंगाला चिकटलेलं तिलाही आवडत नसेल," म्हणायचा.

आमचं घर शाळेच्या कुंपणाला लागून. शाळेच्या भिंतीही आमच्याच हातच्या. संध्याकाळी काम आटपून आम्ही परत यायचो, तेव्हा दुधाच्या दुकानापाशी एक वळण लागायचं. तिथं रस्ता चढाचा आहे, त्यामुळे मी जरा जास्तच कुरकुरायची. ते ऐकलं की इकडे स्वयंपाकघरात काकूचा हात आपोआप शेगडीकडे जायचा. पातेलं चढायचं, झाकण वाजायचं. आम्ही दाराशी पोचेपर्यंत कांदा परतल्याचा वास बाहेर आलेला असायचा. गवंडी हातपाय धुवून बसला की ताट समोर. ती घड्याळाकडे कधी बघायचीच नाही.

शेजारी शिवणकाम करणारी टेलरवहिनी राहते. ती एकदा वैतागून म्हणाली, "अहो काकू, त्या गाडीला थोडं तेल तरी घाला. माझं झोपलेलं पोर उठतं."

काकू म्हणाली, "तुझं पोर उठतं आणि माझं पातेलं चढतं. पोराला परत झोपव, मला जेवण करू दे."

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोठ्यानं ओरडले.

मग एका हिवाळ्यात गवंड्याला खोकला लागला. त्यानं मला धुतली, पावसाचं पाणी साठू नये म्हणून परसात उलटी करून ठेवली आणि तो दवाखान्यात गेला. मला सुलटी करायला तो परत आला नाही.

उलट्या गाडीचं आयुष्य कसं असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. पोटाखाली आधी नुसता अंधार होता. मग गवत आलं. मग एक कोंबडी येऊन बसली आणि तिनं मला स्वतःचं घर समजायला सुरुवात केली. मी तिला काही बोलले नाही. मी पडले होते तिथून स्वयंपाकघराचं मागचं दार समोर दिसायचं, त्यामुळे दिवस कसाबसा निघायचा.

पहिले काही दिवस लोकांनी डबे आणले. मग ज्याच्या त्याच्या मागे कामं असतात, डबे थांबले. काकूनं पातेलं घासून फळीवर ठेवलं ते तिथंच राहिलं. सकाळी चहा. दुपारी चहात पाव बुडवायचा. रात्री मन झालं तर परत चहा, नाही तर दिवा मालवून मोकळी. कुणी विचारलं की म्हणायची, "जेवले की मघाशीच." खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून फार घाईनं बोलायची. लोकांना ते कळायचं नाही. मला कळायचं. तिचे दंड बारीक झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी आपली पत्र्याची. मी काय करणार? चाक हवेत होतं, ते वाऱ्यानं कधी फिरलं तरच एखादा आवाज निघायचा. तो आला की काकू मान वर करून बघायची.

अशातच शाळेत नवीन बाई आल्या. बारीकशा, चष्मा लावणाऱ्या आणि चालायला इतक्या झपाझप की मुलांना मागे पळावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात विचारलं, "गाजर कुठे येतं?" खिडकी उघडी असते, म्हणून मला सगळं ऐकू येतं. एकानं सांगितलं, "टेम्पोत." दुसरा म्हणाला, "झाडाला लटकतं, वर." हसू नका. गाव शेतीचं असलं तरी मैलभर एकच पीक उभं असतं, ते ट्रकनं बाहेर जातं आणि भाजी टेम्पोनं आत येते. पोरांनी गाजर पाहिलेलं असतं ते पिशवीत.

बाई मोठ्या सरांकडे गेल्या. मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, तोलूनमापून बोलणारे. म्हणाले, "बाई, पुस्तकात गाजराचं रंगीत चित्र आहे की."

"आहे ना सर. पण मुलं ताटातलं गाजर बाजूला काढून ठेवतात. चित्राची चव कुणाला लागणार?"

सरांनी पुष्कळ विचार केला आणि शाळेमागचा कोपरा दिला. तो कोपरा म्हणजे आमचंच डबर. भिंती बांधताना उरलेल्या विटांचे तुकडे, खडी, फुटकी कौलं. ते उचलायचं तर गाडी हवी. म्हणून बाई कुंपणापाशी आल्या आणि काकूला म्हणाल्या, "काकू, तुमच्या परसात एक गाडी उलटी पडलीय. आम्हाला वापरायला द्याल का?"

काकूनं पदराला हात पुसत माझ्याकडे बघितलं. मी श्वास रोखून धरला, म्हणजे गाडीला जमतो तेवढा.

"न्या," काकू म्हणाली. "पण संध्याकाळी घरी आणून सोडायची. बाहेर राहायची सवय नाही तिला."

मग पोरांनी कोंबडीला हुसकलं, मला सुलटी केली आणि दोघादोघांनी दांडे धरले. चाक फिरलं. आहाहा, काय ओरडले मी. टेलरवहिनी शिवणाची मशीन सोडून बाहेर आली. "आली का परत," असं ती म्हणाली, पण चेहरा हसरा होता.

डबर उचललं, तर खाली जमीन दगडासारखी. बाई म्हणाल्या, हिला खायला घालावं लागेल. खत करायचं ठरलं. त्यासाठी रोज सकाळी शाळा भरायच्या आधी पोरं मला घेऊन दारोदार फिरायची. प्रत्येक घरानं मागच्या दाराशी एक बादली ठेवायची, त्यात भाजीची सालं, देठं, चहाची पत्ती. माझ्यासारख्या चौकस बाईला आणखी काय हवं? अख्ख्या रस्त्याचा स्वयंपाक माझ्या पोटात.

या फेरीची म्होरकी एक तिसरीतली मुलगी. सायकलवाल्याची लेक. ती इतके प्रश्न विचारायची की मोठ्या सरांनीच तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं, आणि ते तिला आवडलं. बाईंनी वर्गात शिकवलं होतं की ताटात रोज निदान तीन रंग पाहिजेत. हिरवा, लाल, केशरी, पांढरा, कुठलेही, पण तीन. प्रश्नपत्रिकेनं तो नियम ताटावरून उचलला आणि थेट बादल्यांना लावला. माझ्या पोटात बादली रिकामी झाली की ती रस्त्यात उभी राहून खणखणीत आवाजात सांगायची, "दूधवाल्यांकडे हिरवा, पांढरा, लाल. पास. पोस्टमनकाकांकडे नुसता पांढरा. नापास."

पोस्टमन कपाळाला हात लावायचा. "अगं, काल बटाटे होते घरात. माझी अब्रू काय काढतेस?"

"मग आज बीट आणा."

आठवड्याभरात भाजीवाल्याचं बीट संपायला लागलं.

खत टाकून गाजरं, पालक लावला, तेव्हा पोरांनी घोळही पुष्कळ घातले. गाजर मोठं झालं का, हे बघायला रोज उपटायचे आणि परत खोचून ठेवायचे. त्यामुळे पहिली गाजरं करंगळीएवढीच राहिली. बाईंनी सांगितलं की पालकात लोह असतं, लोहानं रक्त वाढतं. दुसऱ्या दिवशी एका दात पडलेल्या पोरानं येऊन माझा दांडा चाटला. पालकापेक्षा सोपं पडेल असं त्याला वाटलं. मला गुदगुल्या झाल्या. बाईंनी मात्र त्याला नळावर नेऊन चूळ भरायला लावली, आणि मग सगळ्यांना पालकाचं एकेक कोवळं पान खायला दिलं. तो म्हणाला, "गाडी जास्त चांगली लागते."

पण काकूची बादली. ती रोज माझ्या पोटात रिकामी व्हायची आणि त्यात रोज फक्त चहाची पत्ती असायची. पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिकेनं आत बघितलं आणि ओरडायला तोंड उघडलं. मग मिटलं. हळूच म्हणाली, "काकू, तुमच्याकडे नुसता तपकिरी."

"एकटीला किती लागतं गं."

"एकटीला पण तीनच लागतात. बाईंनी माणसं नाही सांगितली, ताट सांगितलंय."

काकूनं तिला "चल, पळ शाळेत" म्हटलं. पण दार लोटून घेतल्यावर ती फळीवरच्या पातेल्याकडे बघत होती. फटीतून दिसलं मला.

संध्याकाळी पोरं मला घरी सोडायला निघायची. पाणी आणायला आम्ही दुधाच्या दुकानापलीकडच्या नळावर जायचो, म्हणून परतताना तेच जुनं वळण लागायचं. तोच चढ, तसंच माझं कुरकुरणं. एके दिवशी वळणावरून मी ओरडत आले आणि परसात पोचले, तर झाकण वाजलं. मला वाटलं भास झाला. मग कांद्याचा वास आला. काकू शेगडीपाशी उभी होती आणि स्वतःच्याच हातातल्या पळीकडे बघत होती, जणू ती कुणी दुसऱ्यानं दिली असावी.

दुसऱ्या दिवशी बादलीत कांद्याची आणि बटाट्याची सालं निघाली. प्रश्नपत्रिका म्हणाली, "दोन रंग. काठावर पास." मग हळूहळू भोपळा आला, दुधी आला, टोमॅटोचे देठ आले. काकू कुंपणापाशी उभी राहून पोरांना ओरडायला लागली की पाणी मुळाशी घाला, पानांवर काय ओतताय. बांगड्या मनगटावर उतरल्या. खरं सांगते, माझ्यावरचा गंजसुद्धा मला तेव्हा शोभून दिसत होता.

आता पुढचं सांगताना वाईट वाटतं, कारण जे झालं ते केवळ मायेपोटी झालं.

पोरांना वाटलं की काकूंनी गाडी दिली, तर काकूंसाठी काहीतरी करू या. प्रश्नपत्रिका मला वडिलांच्या सायकलच्या दुकानात घेऊन गेली. त्या भल्या माणसानं माझं चाक काढलं, आसाला नवी वायसरं घातली आणि बोटानं गच्च ग्रीस भरलं. वर लाल रंगाचे दोन हात दिले. पोरांनी मला ढकललं आणि माझ्या तोंडून चकार शब्द निघेना. लोण्यावरून सुरी फिरावी तशी मी चालले. पोरं टाळ्या वाजवत होती. माझी वाचा गेली होती.

काकूनं मला बघितलं. सगळीकडून हात फिरवला. "छानच झाली की गं. नवरीसारखी दिसतेय," म्हणाली. पोरांना प्रत्येकी एक बिस्किट दिलं. आणि त्या संध्याकाळी झाकण वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. पोरं मला गुपचूप परसात लावून जायची. काकू आतल्या खोलीत बसलेली असायची, मी आल्याचं तिला कळायचंही नाही. अंधार पडला की दचकून बाहेर यायची, मला बघायची, चहा टाकायची. पातेलं फळीवर गेलं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण ओरडायचं कशानं?

आणि तरी, ऐका हं, बादलीत रंग येतच होते. हिरवा, केशरी, पांढरा. मी चक्रावले. घरात काही शिजत नाही आणि सालं कुठून येतात? मग पोटात पडल्यावर ओळखीची वाटली. साल जाड काढलेली, गर वाया घालवणारी. ती टेलरवहिनीची सुरी. काकू पहाटे कुंपणावरून ओंजळभर सालं मागून घेत होती. "कोंबडीला हवीत गं," म्हणायची. कोंबडी कधीच दुसरीकडे राहायला गेली होती.

टेलरवहिनीकडच्या सगळ्या वस्तूंना एक खूण असते. त्या घरात शाळेचे गणवेश शिवतात, त्यामुळे तिच्या केसांत, चहात, सालांत, सगळीकडे निळा दोरा सापडतो. त्या सकाळी काकूची बादली माझ्या पोटात ओतली आणि प्रश्नपत्रिकेच्या नजरेला भोपळ्याच्या सालीला गुंडाळलेला निळा दोरा पडला. तिनं तो काढला. बोटाला गुंडाळला. मग रस्त्यात उभी राहून नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "काकूंकडे केशरी, हिरवा, पांढरा. पास."

मला तेव्हा त्या पोरीला पोटात घेऊन फिरवून आणावंसं वाटलं.

संध्याकाळी मला सोडायला ती एकटीच आली. काकू मागच्या पायरीवर बसली होती. ती शेजारी जाऊन बसली आणि बोट पुढे केलं.

"काकू, तुमच्या सालीत निळा दोरा होता."

"असेल कुठला तरी."

"टेलरवहिनींच्या सालीत असतो."

"फार प्रश्न विचारतेस तू."

"मी विचारला कुठे? सांगितलं."

काकूला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. पदराचं टोक डोळ्यांना लावत म्हणाली, "रोज येऊन बादलीत डोकावता तुम्ही पोरं. रोज रोज तुम्हाला तपकिरी कुठवर दाखवू? म्हटलं, तुमचं मन मोडायला नको."

"पण मध्ये दोरे नव्हते. मी नीट बघते सगळं. तेव्हा खरीच सालं होती ना?"

"होती. शिजवत होते तेव्हा."

"मग आता का नाही?"

काकूनं माझ्याकडे बघितलं. मी लाल, चकचकीत, मुकी उभी होते.

"ही त्या वळणावर ओरडायची," काकू म्हणाली. "इतकी वर्षं ओरडली की माझा हात शेगडीकडे जायचा. कुणासाठी, कशाला, असं काही मनात यायच्या आत हात गेलेला असायचा. एकदा पातेलं चढलं की शिजवावं लागतं, आणि शिजवलं की खावं लागतं. आता ही कधी येते, कधी जाते, पत्ताच लागत नाही. बसले की बसूनच राहते मी." मग घाईनं म्हणाली, "तुझ्या वडिलांनी काम फार नेटकं केलंय हो. त्यांना काही बोलू नकोस."

प्रश्नपत्रिकेनं एकही प्रश्न विचारला नाही. हे मी पहिल्यांदाच बघत होते.

इकडे शाळेत त्या दिवसांत वेगळाच पेच पडला होता. बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक कोबी वाटून दिला होता, जबाबदारी कळावी म्हणून. प्रत्येक कोबीशेजारी काडीवर मुलाच्या नावाची पाटी. जबाबदारी कळली, जरा जास्तच कळली. पोरं कोबीशी गप्पा मारायची, सुट्टीच्या दिवशी भेटायला यायची. कोबी तयार झाले तेव्हा कापायला कुणी तयार होईना. "माझा नको, त्याचा कापा." तो म्हणे, "माझा का म्हणून?" दात पडलेला पोरगा तर आपल्या कोबीवर हात पसरून उभा राहिला. कोबी आतून इतके टणक झाले की दोनचार उकलायला लागले. मोठे सर येऊन बघून गेले. "बाई, मुलं भाजी खातील म्हणून हा कोपरा दिला होता. तुम्ही तर तिला दत्तक घ्यायला लावलं." बाई चष्मा पुसत राहिल्या.

काकूशी पायरीवर बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रश्नपत्रिका मला घेऊन दुकानात गेली. "बाबा, हिचा आवाज परत आणून द्या."

सायकलवाल्यानं पाना खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

तिनं सगळं सांगितलं. वायसरपासून पातेल्यापर्यंत. तो ऐकत ऐकत माझ्या आसाशी बसला, चिंधीनं ग्रीस पुसायला लागला. मग वायसरं काढली. आस रॉकेलनं धुऊन कोरडा केला. चाक परत चढवलं, एकदा फिरवून कान लावला. आवाज नव्हता. दुसऱ्यांदा फिरवलं. मी सगळा जीव चाकात आणला.

कुईं.

"लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात," तो म्हणाला, "माझी लेक आणायला आली." आणि ग्रीसचा हात सदऱ्याला पुसत त्यानं पाठ फिरवली, जरा जास्तच वेळ.

तिथून ती मला शाळेमागे घेऊन गेली. बाई आणि पोरं कोबीभोवतीच उभी होती. ती आपल्या कोबीपाशी गेली, पाटी उपटली आणि म्हणाली, "बाई, विळा द्या. माझा कापायचाय."

"विळ्याला तू हात लावायचा नाहीस," बाई म्हणाल्या. "नक्की ना?"

"काकूंना द्यायचाय. त्यांच्याकडे रंग नाहीत."

बाईंनी कापला. कापताना तिनं डोळे मिटले होते, एवढं मी सांगू शकते. कोबी माझ्या पोटात ठेवला, वर पाटी ठेवली, आणि आम्ही निघालो. नळाकडून. तिला तो रस्ता लांब पडत होता, पण वळण त्याच रस्त्यावर आहे.

दुधाच्या दुकानापाशी चढ लागला. प्रश्नपत्रिकेनं दांडे घट्ट धरले. आणि मी ओरडले. गवंडी गेल्यापासून जेवढं साठलं होतं तेवढं ओरडले. दूधवाला मापं तशीच हातात धरून उभा राहिला. टेलरवहिनीची मशीन थांबली. आम्ही दोघी कान देत पुढे जात होतो. घर आलं. काहीच नाही. फाटक आलं. तेही गेलं. मी मनात म्हटलं, संपलं, उशीर झाला आपल्याला.

आणि झाकण वाजलं.

आम्ही मागच्या दाराशी पोचलो तेव्हा काकू शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. पातेल्यात नुसतं पाणी होतं. तिच्या हातांना घाई झाली होती आणि घरात टाकायला काही नव्हतं.

"काकू, हे घ्या," प्रश्नपत्रिका म्हणाली.

काकूनं कोबी बघितला. पाटी वाचली. "अगं, यावर तुझं नाव आहे."

"म्हणून तर दिला. दुसऱ्याचा कसा देणार?"

"आणि हा एवढा मोठा मी एकटीनं खायचा?"

"मी आहे ना. बाई पण येताहेत. ते दात पडलेलं पण मागून येतंय, त्याला बघायचंय कापलेला कोबी रडतो का."

कोबी रडला नाही. टेलरवहिनी कुंपणावरून गाजरं घेऊन आली, सालं न काढलेली, आणि आत येऊन बसली. बाईंनी टोमॅटो आणले. काकूनं पोरांना पाटावर ओळीनं बसवलं, आणि भाजी वाढताना म्हणाली, "मी सकाळी बादलीत डोकावीन हं. ताटात कुणी काही टाकलं तर रस्त्यात उभी राहून नाव पुकारीन." दात पडलेल्या पोरानं दोनदा मागून घेतली. म्हणाला, गाडीपेक्षा चांगली लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूची बादली माझ्या पोटात रिकामी झाली. कोबीची बाहेरची जून पानं, गाजराची पातळ सालं, टोमॅटोचे देठ. प्रश्नपत्रिकेनं एकेक पान उलटून बघितलं. त्यात एकही दोरा नव्हता. ती रस्त्यात उभी राहिली, पण त्या दिवशी ती ओरडली नाही. नुसती हसली आणि मला ढकलत पुढे निघाली.

त्यानंतर बाकीचे कोबी कापायला वेळ लागला नाही, फक्त अट अशी पडली की आपला कोबी आपण ठरवू त्याला द्यायचा. कुणी आजीला दिला, कुणी पोस्टमनला. दात पडलेल्यानं आपला मोठ्या सरांना दिला. सर तो छातीशी धरून घरी गेले आणि पुढच्या वर्षासाठी बाईंना दुसरा कोपराही देऊन बसले.

आता मी म्हातारी झालेय. पोटाला एका बाजूनं भोक पडलंय, तिथून खत सांडतं आणि मी जाते त्या वाटेवर टोमॅटोची रोपं उगवतात. लाल रंग उडाला. प्रश्नपत्रिका मोठ्या शाळेत जाते, पण सुट्टीत येऊन माझा आस बघून जाते. नव्या पोरांना दांडा चाटायची हुक्की येतेच, ती मी सहन करते. काकू बागेच्या तासाला शाळेत जाते, विळा तिच्या ताब्यात असतो आणि दोघांच्या वाटचं बोलणं परत सुरू झालंय.

तेव्हा तुम्हाला एकच विनवणी. तुम्ही भली माणसं आहात, माझा आवाज ऐकून तुमचा हात तेलाच्या बुधलीकडे जाईल. जाऊ देऊ नका. तुमच्या कानांना थोडा त्रास होईल, टेलरवहिनीच्या नातवाची झोपही मोडेल, त्याला ती परत निजवेल. पण बघा, ऊन उतरलंय. पोरांनी दांडे धरलेत, नळावरून आम्ही निघालोय आणि समोर दुधाच्या दुकानाचं वळण दिसतंय. मला आता तुमच्याशी बोलायला वेळ नाही. तिकडे पातेलं फळीवर वाट बघत असेल.